ओळ १२० : माहिती संपली

१०
बिराँगी, १ ऑगस्ट १९७७

नाही, ते शून्यच होतं. कार्ड आत्ता माझ्यासमोर आहे आणि मी शपथेवर सांगते, ते शून्य आहे. तुम्ही त्यावर लाल पेनाने "ओ अक्षर काढलंय, शून्य नाही" लिहून परत पाठवलंत. एवढ्यासाठी माझा अख्खा आठवडा गेला.

मायना राहिला. प्रिय साहेब.

तुम्हाला तिथे बसून हे कसं दिसतं ते मला माहीत नाही. इथून असं दिसतं: आमच्या शाळेत कॉम्प्युटर नाही. तो तुमच्याकडे आहे, मेलबर्नला, विद्यापीठाच्या तळघरात. आमच्याकडे कार्डं आहेत आणि मऊ पेन्सिली आहेत. एका कार्डावर एक ओळ. प्रत्येक अक्षरासाठी एक चौकोन काळा करायचा. सोमवारी आमचे सर, मिस्टर गिल्बी, सगळ्यांच्या गठ्ठ्यांना रबरबँड लावून ते दहाच्या बसमध्ये टाकतात आणि पुढच्या सोमवारी कागद येतो. त्यावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं: चूक. म्हणजे मी एक प्रश्न विचारते आणि आठ दिवसांनी कोणीतरी म्हणतं, काय म्हणालीस?

शिक्षण खात्याने सांगितलंय की खेड्यातल्या शाळांमधली चार मुलं पुढची दोन वर्षं मेलबर्नला शिकायला घेणार. राहायची सोय करणार. अट एकच. ३० नोव्हेंबरच्या आत स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम शेवटपर्यंत चुकीशिवाय चालला पाहिजे. मी मोजलंय. सुट्टी सोडून माझ्याकडे पंधरा सोमवार आहेत. त्यातला एक तुम्ही खाल्लात.

गठ्ठ्यात पत्र घालायला बंदी आहे, मला माहितीये. मिस्टर गिल्बी गठ्ठे उघडून बघत नाहीत.

मेरिल नॉस्के, वय पंधरा



मेलबर्न, ४ ऑगस्ट

मेरिल,

कार्ड सोबत परत पाठवतेय. डावीकडून नववा रकाना बघ. शून्याचा चौकोन सगळ्यात खाली असतो. तू वरून सहावा काळा केलायस. तो ओ. शपथा घेताना जरा जपून.

दुसरं, मी साहेब नाही. थेल्मा क्विर्क. मिसेस. एकोणीस वर्षं मशीनला कार्डं भरवतेय. आधी विमा कंपनीत भरवायचे, आता इथे. शाळांची कार्डं सगळी माझ्या हातून जातात. तुमच्या बिराँगीची ओळखू येतात, त्यांच्यातून वाळू पडते.

तिसरं आणि खरं. शून्य नीट असतं तरी तुझा प्रोग्राम चालला नसता. ओळ ४० मध्ये तू मशीनला सांगितलंयस की प्रश्न विचार आणि उत्तराची वाट बघ. पोरी, कोणाच्या उत्तराची? तू अडीचशे मैलांवर. इथे उत्तर द्यायला कोणी बसलेलं नाही. मशीन थोडा वेळ थांबतं आणि मग पुढच्या शाळेचा गठ्ठा घेतं. असं वाट बघायला लावणारी कार्डं मला दर आठवड्याला चार तरी मिळतात. सगळ्यांना वाटतं, पलीकडे कोणीतरी आहे.

उत्तरं तुलाच आधी लिहावी लागतील. माहितीच्या कार्डांवर, ओळीने. मशीन प्रश्न छापेल, मग एक कार्ड उचलेल, तेच उत्तर समजेल. प्रश्नही तुझा आणि उत्तरही तुझंच. त्याला इलाज नाही.

आणि ओळींना १, २, ३ असे नंबर देऊ नकोस. १०, २०, ३० दे. मध्ये काही विसरलेलं घालायचं असलं तर जागा राहते.

थे. क्विर्क



२०
बिराँगी, १५ ऑगस्ट

प्रिय मिसेस क्विर्क,

ओ होता. झालं समाधान?

यापुढे मी पत्रांनाही दहाच्या पटीत नंबर देणार. पहिल्याला मागाहून १० दिलाय, तुमच्याकडच्या प्रतीवर घाला. मध्ये काही विसरलं तर.

उत्तरं आधी लिहायची म्हटल्यावर दिवसभर मला काही सुचेना. मी लिहिलेली उत्तरं मला माहीतच असणार, मग विचारायचं कशाला? मग रात्री जेवताना सुचलं. माझ्या घरात एक माणूस आहे ज्याची सगळी उत्तरं मला आधीच माहीत असतात. माझे बाबा.

बाबा पाटकरी आहेत. इथे कालव्याच्या पाण्यावर सगळी शेतं जगतात आणि कालव्याचे दरवाजे उघडायचे, लावायचे, आत उडून आलेली वाळू काढायची, हे त्यांचं काम. पाणी मंडळाने कालव्याच्या कडेला घर दिलंय. गावापासून एकोणीस मैल. (किलोमीटरमध्ये सांगितलं तर बाबा म्हणतात, मैलात बोल.) घरात आम्ही दोघंच. आई चार वर्षांपूर्वी ॲडलेडला गेली.

मी एक आठवडा वही घेऊन बसले आणि ते जे बोलले ते सगळं लिहून काढलं. सात दिवसांत अकरा वाक्यं. मी फसवत नाहीये, अकरा. हं. बघू. चहा आहे का. वारा फिरला. मैलात बोल. कोणी विचारलं. पाणी सोडलं. पाणी बंद केलं. चॉप करपली (रात्रीच्या मटणाची). घरात कोणी आलं की: पाय झाड. घरातून कोणी निघालं की: दार लाव, कारण आमच्याकडे दार एक मिनिट उघडं राहिलं तरी चहात वाळू येते.

तर प्रोग्रामचं नाव "बाबा". मी प्रश्न विचारते, मशीन त्यांच्या अकरापैकी एक वाक्य देतं. शेवटी मी एक बारावा प्रश्नही घातलाय. त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही, कारण खऱ्या बाबांना मी ते विचारलेलं नाही. या सुट्टीत विचारते. तोवर मशीन काय करतं ते बघू.

मेरिल

ता. क. मिस्टर गिल्बींनी मला कार्डं रंगवताना बघितलं आणि म्हणाले, "नॉस्के, हे काय गणित आहे?" मी म्हटलं, "घरचं आहे, सर."



मेलबर्न, १८ ऑगस्ट

मेरिल,

हे बघ काय छापून आलं:

बाबा, आज शाळेत वादळ आलं.
— हं.
मला गणितात एक्क्याण्णव मिळाले.
— वारा फिरला.
शंभरपैकी, बाबा.
— मैलात बोल.
तुम्हाला आईची आठवण येते का?
— चॉप करपली.
मी पुढच्या वर्षी मेलबर्नला जाऊ का?
ओळ १२०: माहिती संपली.

मधले सात तुला कागदावर दिसतीलच. मी ते मोठ्याने वाचलं. तळघरात माझ्याखेरीज कोणी नसतं, त्यामुळे चालतं. "मैलात बोल"ला इतकी हसले की चहा कार्डांवर सांडला. हॅमिल्टनच्या एका पोराच्या कार्डांवर, तुझ्या नाही.

माझा लेन, म्हणजे नवरा, तुझ्या बाबांपेक्षा बडबड्या होता. त्याच्याकडे चौदा-पंधरा वाक्यं असतील. तो जाऊन सहा वर्षं झाली आणि मला आता नीट नऊच आठवतात. तू लिहून ठेवलंस ते बरं केलंस.

आता कामाचं. "माहिती संपली" ही चूकच धरतात. प्रोग्राम असा अर्ध्यात पडला तर खात्याकडे जाणाऱ्या यादीत नाव घालता येत नाही, आणि ती यादी मीच करते. बाकी सगळं बरोबर आहे. फक्त एक कार्ड कमी आहे. बाबांना विचार, कार्ड रंगव, पाठव.

थेल्मा क्विर्क



३०
बिराँगी, बेकरीच्या वर, ३ ऑक्टोबर

प्रिय मिसेस क्विर्क,

मध्ये सुट्टी होती. मग शाळा सुरू झाली आणि कालव्यात वाळूचं काम निघालं. म्हणून उशीर.

सध्या मी गावात एल्वा आत्याकडे राहते, तिच्या बेकरीवरच्या खोलीत. शाळा जवळ पडते.

बाबा बरे आहेत.

गठ्ठा तोच आहे. बारावं कार्ड अजून नाही. तरी पाठवतेय, कारण सोमवार आहे.

मेरिल



मेलबर्न, ६ ऑक्टोबर

मेरिल,

सात आठवडे वाट बघितली आणि आलं एवढंसं पत्र. कार्डांवर या वेळी वाळू नाही, मैदा आहे.

तुला आठवण करून द्यायला नको, पण देते. आठ सोमवार राहिलेत. बाकीच्या शाळांची तीन नावं यादीत लागलीसुद्धा. त्यातल्या एकाचा प्रोग्राम एक ते शंभर आकडे छापतो, बास. तुझा सगळ्यांत शहाणा प्रोग्राम आणि तो एका कार्डासाठी दारात अडकलाय.

मला ते बघवेना. आता एक कबुली. एकोणीस वर्षांत मी एकदाही प्रोग्राम लिहिलेला नाही. मला येत नाही. तुला जे सांगते ते हजारो पोरांच्या चुका बघून पाठ झालंय, इतकंच. पण काल जेवणाच्या सुट्टीत एक कोरं कार्ड घेतलं, सँडविच बाजूला ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक ओळ रंगवली. दोनच चौकोन. तुझ्या गठ्ठ्याच्या शेवटी घातली. नीट चाललं. कागद सोबत आहे, शेवट बघ:

मी पुढच्या वर्षी मेलबर्नला जाऊ का?
— जा.
प्रोग्राम पूर्ण.

यादीत अजून घातलेलं नाही. तू हो म्हण, घालते. कोणत्या बापाने याहून वेगळं उत्तर दिलं असतं?

थेल्मा



४०
बिराँगी, १७ ऑक्टोबर

मिसेस क्विर्क,

तुम्ही माझ्या गठ्ठ्यात हात घातलात.

ते कार्ड माझं नाही. ते बाबांचंही नाही. माझे बाबा "जा" म्हणत नाहीत. कुत्र्यालाही म्हणत नाहीत. मी सात दिवस वही घेऊन बसले होते ते काय गंमत म्हणून?

तुम्ही विचारलंत, कोणत्या बापाने वेगळं उत्तर दिलं असतं. मी तुमचा कागद बाबांना नेऊन वाचून दाखवला. पहिली अकरा उत्तरं ते ऐकत होते. "मैलात बोल"ला त्यांच्या तोंडाची एक बाजू हलली. मग मी तुमचं "जा" वाचलं आणि त्यांनी मान हलवली. नाही, नाही, नाही, अशी. कागद हाताने ढकलला, तो पलंगाखाली गेला.

आता मला कळायला मार्ग नाही की ते "जाऊ नकोस" म्हणाले, की "हा शब्द माझा नाही" म्हणाले. तुमच्या दोन चौकोनांनी सगळं गढूळ केलं.

यादीत नाव घालू नका.

सोबत २५ नंबरचं पत्र आहे. ते २० आणि ३० च्या मध्ये ठेवा. जागा होती.

मेरिल



२५

२९ ऑगस्टला सुट्टी होती. बाबा चौदा नंबरच्या दरवाजावरून दुपारी परत आले. मी विचारलं, चहा टाकू? ते म्हणाले, "कुंपण."

मी म्हटलं, काय?

म्हणाले, "कुंपण." आणि माझ्याकडे असं बघत राहिले जसं काही मीच मठ्ठ आहे.

मी हसले. मला वाटलं जन्मात पहिल्यांदा विनोद करतायत. मी उठून वही आणली आणि त्यांच्यासमोर लिहिलं: बारावं वाक्य, कुंपण. तारीख घातली. तेवढ्यात ते खुर्चीवरून खाली आले.

शेजारचं घर सहा मैल. मला ट्रक चालवता येतो, पण त्यांना ट्रकमध्ये घालता येईना. फोन केला. गाडी यायला सव्वा तास लागला. तोवर मी त्यांच्या डोक्याखाली उशी ठेवून बसले. दार उघडं होतं. सगळी वाळू आत आली.

आता ते गावच्या इस्पितळात आहेत. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. डॉक्टर म्हणतात, ऐकलेलं सगळं कळतंय, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. मला त्यात विशेष फरक वाटला नाही, असं मी आत्याला म्हटलं आणि तिने मला थोबाडीत मारली. मग दोघी रडलो.

आत्या म्हणते, शाळा सोड, बेकरीत लाग, माणसाला बोलता येत नाही तेव्हा जवळ आपलं कोणीतरी हवं. तिचं काही चूक नाही. मंडळाने घर नोव्हेंबरअखेर रिकामं करायला सांगितलंय. नवा पाटकरी येतोय.

मी त्यांना विचारणार होते. पाणी बंद झालं की निवांत विचारायचं ठरवलं होतं. अकरा वाक्यं होती तेव्हा विचारलं नाही.



मेलबर्न, २० ऑक्टोबर

मेरिल,

पंचवीस मी वीस आणि तीसच्या मध्ये ठेवलं आणि मग तीस पुन्हा वाचलं. "बाबा बरे आहेत." मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी मैद्यावर विनोद करत बसले.

मी चुकले. माफी मागते. कार्ड काढून ठेवलंय, सोबत परत पाठवतेय, फाडून टाक.

खरं सांगायचं तर ही माझी जुनी खोड आहे. पोरं घाईत फिकट काळं करतात, मशीनला दिसत नाही, ते कार्ड बाहेर थुंकतं. मी माझी पेन्सिल घेऊन गुपचूप गडद करते आणि पुन्हा भरवते. वर्षानुवर्षं. तुझीही केलीयत, निदान वीस. नियमात बसत नाही. पण एका ठिपक्यासाठी कोणाचा आठवडा जावा हे मला पटत नाही. ठिपके गडद करता करता मला वाटायला लागलं की उत्तरंही आपणच भरावीत.

वहीत "कुंपण" लिहिलंस म्हणून स्वतःला खाऊ नकोस. लेनच्या शेवटच्या दिवशी मी त्याला सांगत होते की मोजे उलटे घातलेयत.

आत्याचं म्हणणंही मला कळतं. मी तुला जा म्हणणार नाही, राहा म्हणणार नाही. माझ्याकडे एवढीच माहिती आहे की आमचं हे मशीन बोललेलं ऐकत नाही. त्याला आवाज लागत नाही, हस्ताक्षर लागत नाही. काळा केलेला चौकोन असला की पुरतं.

अजून एक, तू बाहेरून ऐकण्याआधी. शाळा आता स्वतःची छोटी मशीनं घेणार म्हणे, टीव्हीसारखा पडदा आणि टाइपरायटर असलेली. प्रश्न विचारला की समोरच उत्तर. कार्डं बंद. माझा इथला शेवटचा दिवस १६ डिसेंबर.

थेल्मा



५०
बिराँगी, १४ नोव्हेंबर

प्रिय थेल्मा,

मिसेस काढून टाकलं. चालेल ना?

तुमचं कार्ड फाडलेलं नाही. ठेवलंय.

"आवाज लागत नाही" हे मी तीन वेळा वाचलं आणि शाळेतून कोऱ्या कार्डांचा अर्धा खोका उचलला. चोरला म्हणा. इस्पितळात बाबांच्या छातीवर पाव भाजायची पत्र्याची थाळी ठेवली, त्यावर कार्ड, आणि डाव्या हातात पेन्सिल. कोणत्या अक्षराला कोणता चौकोन त्याचा तक्ता समोर टांगला. तक्ता त्यांना नवा नव्हता. वर्षभर मी त्यांच्याच टेबलावर कार्डं रंगवायचे. मला वाटायचं ते खिडकीबाहेर बघतायत.

पहिल्या दिवशी तीन कार्डं फाटली. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीचं टोक मोडलं आणि त्यांनी ती नर्सला फेकून मारली. नर्स म्हणाली, "मिस्टर नॉस्के, तब्येत सुधारतेय वाटतं." तिसऱ्या दिवशी मी बारावा प्रश्न पुन्हा वाचला आणि म्हटलं, बाबा, घाई नाही, फक्त तीस तारीख आहे. आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

चार दिवस लागले त्यांना. एक कार्ड.

मी ते बघितलेलं नाही. मला चौकोन बघून अक्षर वाचता येतं, झोपेतसुद्धा, म्हणून मी नर्सला सांगितलं की तुम्हीच पाकिटात घाला आणि चिकटवा. ते पाकीट गठ्ठ्याच्या शेवटी आहे. मला ते मशीनकडून ऐकायचंय. तुम्ही म्हणाला होतात ना, पलीकडे कोणी नसतं. एकदा असू दे.

आणि थेल्मा, एक ठिपकासुद्धा गडद करायचा नाही. डावा हात आहे, फिकट असणार, रेषेबाहेर गेलं असणार. मशीनला दिसलं तर दिसलं. नाही दिसलं तर माहिती संपली. पेन्सिल खणात ठेवून कुलूप लावा.

मेरिल



मेलबर्न, १७ नोव्हेंबर

मेरिल,

पेन्सिल खणात ठेवली. कुलूप नाही, पण खणासमोर खुर्ची लावली.

पहिल्यांदा मशीनने कार्ड बाहेर टाकलं. दुसऱ्यांदाही टाकलं. मी तिथेच उभी. मला चौकोन दिसत होते, कुठे काय गडद करायचं तेही दिसत होतं, एका मिनिटाचं काम. नाही केलं. मग मशीनचं झाकण काढलं, स्पिरिटचा बोळा घेतला आणि त्याची काच पुसली, आतून, कोपऱ्यांपर्यंत. दोन वर्षांत कोणी पुसली नव्हती. त्यातनं निघाली ती तुमची वाळू.

तिसऱ्यांदा घेतलं.

मी पुढच्या वर्षी मेलबर्नला जाऊ का?
— दार लाव.
प्रोग्राम पूर्ण.

पोरी, मला वाईट वाटतं. मी उगाच "जा" लिहून तुझ्या मनात आशा घातली. माणसाने चार दिवस घालवून इतकं स्पष्ट सांगितल्यावर मी काय बोलणार? दार लाव म्हणजे विषय बंद. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही तेच म्हटलं असतं. एकटं पडायचं कोणाला असतं.

प्रोग्राम चुकीशिवाय चालला. नियमाने तुझं नाव यादीत जायला हवं आणि चौथी जागा अजून रिकामी आहे. पण घरून नकार असताना मी ते माझ्या मनाने घालणार नाही. एकदा हात पोळलाय. यादी ३० तारखेपर्यंत माझ्या टेबलावर आहे. तू लिहिशील तसं.

मूळ कार्ड परत पाठवतेय. ते तुझ्याकडे असावं.

थेल्मा



६०
कालव्यावरचं घर, २८ नोव्हेंबर

थेल्मा, तुम्ही चूक आहात. पुन्हा. वीस नंबरचं पत्र काढा आणि वाचा काय लिहिलंय. घरात येणाऱ्याला पाय झाड. निघणाऱ्याला दार लाव. जो घरात थांबणार आहे त्याला ते दार लाव कशाला म्हणतील? राहणाऱ्याला त्यांनी आजवर एकदाही ते म्हटलेलं नाही. मी सकाळी शाळेला निघाले की म्हणायचे. पाणी मंडळाचा साहेब चहा पिऊन उठला की म्हणायचे.

आई निघाली तेव्हाही म्हणाले होते. हातात दोन बॅगा होत्या तिच्या. ती उभी होती, बाबा काही बोलतील म्हणून. मीही उभी होते. ते म्हणाले, "दार लाव." तिने लावलं नाही. मी चार वर्षं समजत होते की त्यांना तिचं काही पडलंच नव्हतं, म्हणून तेवढंच बोलले. पण मी कागद हातात घेऊन शाळेच्या जिन्यात बसले होते ना, तेव्हा कळलं. त्यांच्याकडे निघणाऱ्या माणसासाठी एकच वाक्य होतं. तेच त्यांनी दिलं, तिलाही आणि मलाही.

मी इस्पितळात गेले आणि त्यांना शेवट वाचून दाखवला. या वेळी मान हलवली नाही. डावा हात उचलून दाराकडे केला. मी जाऊन खोलीचं दार लावलं तर चिडले. मग नर्स म्हणाली, "अगं, बाहेरून." मी बाहेर गेले आणि बाहेरून लावलं. काचेतून बघितलं तर डोळे मिटून पडले होते.

आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काल तिने तिची मोठी बॅग माळ्यावरून काढली, झटकली आणि माझ्या पलंगावर आपटली. म्हणाली, "रोज संध्याकाळी मी जाईन त्याच्याकडे. माझ्याशी तरी कुठे बोलायचा." हे तिचं हो आहे. आमच्या घरात सगळ्यांचं असंच.

तर नाव घाला. आजच.

फेब्रुवारीत मी येईन तेव्हा तळघरात तुम्ही नसणार. दुसरं कोणी असेल की नुसतीच नवी मशीनं, कोण जाणे. मी मात्र मऊ पेन्सिल घेऊन येणार आहे.

तुमचं "जा" कार्ड सोबत आहे. नीट बघितलं मी. पहिलंच असून एकही चौकोन रेषेबाहेर गेलेला नाही. ते तुमच्याकडेच राहू द्या, सोळा डिसेंबरला हाताशी असलं तर बरं.

हे पत्र मी आमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून लिहितेय, टेबल ट्रकमध्ये गेलं म्हणून. नवा पाटकरी दुपारी येतो. बाबांच्या खुर्चीच्या पायांचे चार खड्डे जमिनीवर अंथरलेल्या मेणकापडात उमटलेयत, ते निघाले नाहीत. वही माझ्याकडे आहे. बारावं वाक्य मी खोडलेलं नाही.

आत्या हॉर्न वाजवतेय. गाडी सुरूच ठेवलीये तिने. बसच्या आधी हे गठ्ठ्यात घालायचंय, म्हणजे मला पळावं लागणार. या पत्त्यावर उत्तर पाठवू नका. इथे आता कोणी बसलेलं नाही.

वारा फिरलाय. दार लावते.